शुक्रवारचं पत्रक

दर शुक्रवारी अकराच्या आत
जीवरसायन विभागाचं पत्रक काढते मी.
पिवळ्या कागदावर. पांढरा कुणी वाचत नाही.
एक लिफ्टशेजारी लावते,
एक तिसऱ्या मजल्यावर, थर्मासांच्या रांगेपाशी.
कडू येर्बा प्रयोगशाळेत न्यायला बंदी,
म्हणून दाराबाहेर ताटकळतात बिचारे
शाळा सुटायची वाट पाहणाऱ्या बापांसारखे.

मथळे ठरलेले:
संशोधन. अनुदान. संधी. अभिनंदन.
सव्वीस वर्षांत बदलला तो टाइप,
आणि अभिनंदनाची माणसं.

या आठवड्यात बेतांकूरबाईंचा पेपर.
नऊ वर्षं रुसलेलं एन्झाइम
एकदाचं स्फटिकात बसलं.
मला यातलं ओ की ठो कळत नाही,
पण इव्हाना नावाची पोरगी आहे, पीएचडीची,
तिनं माझ्या टेबलावर हात ठेवून दाखवलं:
साखर येईपर्यंत उघडा तळवा,
आली की मूठ.
पेपरात म्हणे मूठ मिटतानाचं चित्र आहे.

मग संधी.
तीन मिनिटांत तुमचं संशोधन सांगा, गुरुवारी, चहासह.
जर्मनीत दोन वर्षं, वय पस्तिशीच्या आत.
शनिवारी सकाळी, इंग्रजीत शोधनिबंध लिहायला शिका,
जागा बारा.

आणि बुधवारी रात्री
सांता रोसाचं वादळ आलं, ठरल्यासारखं, ऑगस्टअखेर.
नदी रस्त्यावर चढली.
(आमची नदी समुद्राएवढी, पलीकडचा काठ दिसत नाही,
तरी आम्ही हट्टानं नदीच म्हणतो.)
वीज गेली ती अकरा तास.
जनरेटर खोकला आणि बसला.

वॉशिंग्टन पिरिझ, तंत्रज्ञ, वय अठ्ठावन्न,
मोपेडवरून आला म्हणे त्या पावसात,
बंदरातल्या मासळीवाल्याला उठवून
कोरडा बर्फ घेऊन.
रात्रभर फ्रीझरला पाठ लावून बसला,
कुणी दार उघडू नये म्हणून.
हे मला वॉचमननं सांगितलं. तो स्वतः
वादळाबद्दल एवढंच बोलला की मोजे अजून वाळले नाहीत.

गुरुवारी दुपारी माझ्याकडे आला.
ते शनिवारचं, वयाची अट आहे का?
नाही, म्हटलं. पण तू काय लिहिणार?
त्यानं खिशातून पेपराची घडी काढली,
एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ.
इव्हानानं अर्थ सांगितलाय, म्हणाला:
नमुने उणे ऐंशी अंशांवर ठेवण्यात आले.
पुढे?
पुढे काही नाही. पूर्णविराम.
त्या भाषेत, म्हणाला, ठेवणारा कुठे बसतो
तेवढं बघायचंय.

मी फॉर्म दिला.
प्रकाशनांच्या रकान्यात त्यानं आडवी रेघ ओढली,
पट्टी लावून, सरळ.

आज सकाळी पत्रक जुळवताना
वाटलं, चार ओळी घालाव्यात त्या रात्रीच्या.
कुठल्या मथळ्याखाली?
अनुदान नाही, संधी तर नाहीच,
अभिनंदनाला वरून सही लागते.
टाइप केलं: वीजपुरवठा खंडित झाला.
नमुने सुरक्षित ठेवण्यात आले.
आणि वाचलं, तर माझाही तोच पूर्णविराम.

खोडलं.
लिहिलं: बुधवारी रात्रभर वॉशिंग्टन पिरिझ जागा होता.
संशोधनाखाली टाकलं, बेतांकूरबाईंच्या वर.
विभागप्रमुख विचारतील तेव्हा विचारतील.

साडेअकराला तो तिसऱ्या मजल्यावर दिसला,
बगलेत थर्मास, नाक कागदाला टेकलेलं.
मी उगाच कुलूप चाचपत उभी राहिले.
वळून म्हणाला, नेलिदा,
सव्वीस वर्षं माझी पगारपत्रकं काढतेस
आणि पिरिझच्या शेवटी एस?
झेड आहे गं, झेड.

राहू दे सोमवारपर्यंत, असंही म्हणाला.
मी पेन आणायला खाली गेले.